हाय बॉनेट, १९७४: एका जीपच्या कामाची पूर्ण हकिकत

जीप माझ्या गॅरेजमध्ये आली ती ट्रॅक्टरला टोचन लावून. नोव्हेंबर २०२३. भातझोडणी उरकली होती, कलमांची फवारणी अजून जोरात सुरू व्हायची होती. कोकणात गाडीचं मोठं काम काढायचे हेच दिवस. ट्रॅक्टरवरून थोरले काका उतरले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “मिस्त्री, बाबांनी आणली तेव्हा होती तशी करून दे. काही नवं नको.” ते समोर चहाला गेले आणि मागून मोटरसायकलवर आलेला पुतण्या माझ्या बाजूला सरकला. मोबाइलवर फोटो दाखवायला लागला: काळ्या मॅट रंगाची, तीन इंच उचललेली, रुंद टायरांची, कपाळावर एलईडीची पट्टी लावलेली जीप. “दादा, अशी करायची. खर्च मी करतोय. काकांना मी समजावतो.”

गाडी काकांच्या नावावर, पैसे पुतण्याचे. असं काम मी सहसा हातात घेत नाही, कारण शेवटी दोघंही नाराज होतात आणि गाडी अर्धी उघडी पडून राहते. ही घेतली, कारण गाडी चांगली होती आणि माणसंही चांगली होती. काम सहा महिने चाललं. त्यात काय काय ठरलं, कसं ठरलं आणि माझं कुठे चुकलं, ते लिहून ठेवतो. घरातल्या जुन्या गाडीवरून वाद चालू असलेली घरं मला दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात.

गाडी

महिंद्रा सीजे-३बी, नोंदणी जानेवारी १९७४. जीपवाल्यांच्या बोलीत ‘हाय बॉनेट’. हे बॉनेट उंच का, ते पुढे कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट (हवा-इंधन आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे) हे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. इंजिन बुटकं, म्हणून बॉनेटही बुटकं. पुढे विलीजने त्याच मापाचं, १३४ घनइंचांचं म्हणजे साधारण २.२ लिटरचं ‘हरिकेन’ इंजिन काढलं. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. ताकद वाढली, पण उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली इंजिन मावेना. मग कंपनीने बॉनेट आणि समोरची जाळीच वर उचलली. १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी आली ती अशी. तिकडे ती १९६८ मध्ये बंद झाली. १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडणाऱ्या महिंद्राने मात्र हा उंच चेहरा पुढे कित्येक दशकं चालवला. आपल्याकडे दोन पिढ्यांना जीप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हाच चेहरा.

म्हणजे आज ज्याला लोक अस्सल म्हणतात तो चेहरा मुळात एका इंजिनासाठी केलेला फेरफार आहे. हे मी काकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

ही जीप आजोबांनी आंब्याच्या बागेसाठी घेतली. पावसच्या पुढे, समुद्रापासून हवाई अंतराने दीड किलोमीटरवर घर. वर कातळाचा सडा, खाली उतारावर कलमं. जीपने पेंढा वाहिला, पेट्या वाहिल्या, बाळंतिणींना रत्नागिरीला नेलं, शिमग्यात पालखीमागे ढोल नेले. १९८८ साली पेट्रोल परवडेना म्हणून धाकट्या भावाने, म्हणजे पुतण्याच्या वडिलांनी, हरिकेन काढून प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. महिंद्राच्या एमएम ५४० ला येत असे तेच. वडील आता नाहीत. त्यांच्या पश्चात जीप चार पावसाळे पडवीच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती.

ताडपत्रीने झाकलं की गाडी वाचते, असा आपल्याकडे समज आहे. इथल्या दमट हवेत ताडपत्रीखाली वाफ कोंडते आणि पत्रा आतून घामेजतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पत्र्यावर ओलसर थर धरून ठेवतं आणि गंजाला मदत करतं. त्यात सड्यावरची लाल माती. ती जमिनीच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक ड्रायव्हरच्या पायाखाली नुसतं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत खाली गेलं. आवाजसुद्धा आला नाही. मागचे दोन्ही कोपरे पुट्टीचेच होते. आतला पत्रा केव्हाच गळून गेला होता.

चासी मात्र ठणठणीत. दर मिरगाच्या आधी आजोबा तिला माशाचं तेल आणि काळं ऑइल मिसळून फासायचे, असं काकांनी सांगितलं. त्या वासाने घरातली माणसं वैतागत. चासी वाचली ती त्या वासामुळे.

कोणाला कुठलं साल हवं होतं

आधी मला वाटलं की हा नेहमीचा वाद आहे. म्हाताऱ्याला जुनं हवं, पोराला नवं हवं. महिनाभरात कळलं की तसं नाही.

मी दोघांना एकत्र बसवून यादी करायला घेतली. काका म्हणाले, पहिलं काम म्हणजे डिझेल काढायचं आणि हरिकेन मिळवून बसवायचं. तोवर लिफ्ट, टायर, काळा रंग अशा सगळ्या बाबतीत ‘बघू’ म्हणत असलेला पुतण्या एकदम ताठ झाला. “इंजिनाला हात लावायचा नाही.” गाडी उभी-आडवी कापायला तयार असलेला मुलगा एका जुन्या, धूर सोडणाऱ्या डिझेल इंजिनासाठी असा अडून बसतो, हे मला तेव्हा उमगलं नाही. मग त्यानेच सांगितलं. शाळेत असताना संध्याकाळी तो खळ्यात अभ्यासाला बसायचा. वडील रत्नागिरीहून परत येताना सड्यावरच्या शेवटच्या चढाला गिअर बदलायचे, तो आवाज खाली घरापर्यंत यायचा. आई तेवढ्यात चुलीवर पाणी ठेवायची. त्याच्यासाठी ही जीप म्हणजे तो आवाज.

आणि काकांचं? १९८८ साली ते मुंबईत नोकरीला होते. गणपतीला गावी आले, बॉनेट उघडलं तर आत दुसरंच इंजिन. “मला एका शब्दाने विचारलं नाही,” ते म्हणाले. पस्तीस वर्षांनंतरही त्यांचा आवाज बदलला. ‘बाबांनी आणली तशी’ या मागणीच्या पोटात भावाशी राहून गेलेलं एक भांडण होतं. भाऊ गेला, इंजिन राहिलं.

तिसरी बाजू उशिरा समोर आली. पुतण्याची आई एकदा जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्ये आली. सुट्ट्या भागांमधून फिरत फिरत मागच्या फाळक्यापाशी थांबली. फाळका लाल, रंग उन्हाने विटलेला. त्यावर पिवळट पांढऱ्या अक्षरांत बागेचं नाव. अक्षरं नवऱ्याने स्वतः ब्रशने काढलेली. पेंटर शिमग्याच्या गडबडीत आला नाही म्हणून खळ्यात फाळका आडवा टाकून काढली होती. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही, ते काना चिकटवून दाटीवाटीने बसवलंय. ती म्हणाली, “भावोजींना जुनी करायची आहे, ह्याला नवी करायची आहे. करा काय ते. पण हा फाळका रंगवू नका.”

तेव्हा चित्र स्पष्ट झालं. काकांना १९७४ हवं होतं, पुतण्याला वडिलांच्या हातात गाडी होती ती वर्षं हवी होती, आणि वहिनींना गाडी आज जशी दिसते तशी, ओरखड्यांसकट. ज्याला आपण गाडीची आवड म्हणतो, त्यात बहुतेक वेळा असं एखादं साल दडलेलं असतं. काळा मॅट रंग आणि एलईडी ही पुतण्याची खरी मागणी नव्हतीच. ती त्याने मोबाइलमधून उचललेली होती. गाडी ‘आपली’ करायची म्हणजे काय करायचं, याचं दुसरं उदाहरण त्याच्यासमोर नव्हतं.

मोबाइलमधली ती आवडही कुठून तरी आलेली असते, हे मी त्याला सांगत राहिलो. हरियाणातल्या डबवालीत जीपा बांधतात त्या तिथल्या सपाट, रुंद रस्त्यांवर आणि तिथल्या लग्नाच्या वरातीत शोभतात. अमेरिकेतले हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्या, घडले ते कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात वेगाच्या शर्यती लावणाऱ्या पोरांमुळे. त्यांनी १९३२ ची फोर्ड घेतली, मडगार्ड काढून वजन कमी केलं. तिथेच लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणायची हौस वाढली. १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिंगच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर तिथल्या कारागिरांनी हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेले की खाली. प्रत्येक ठिकाणची आवड तिथला रस्ता, तिथली हवा आणि तिथला कायदा मिळून घडवतात. मग आपल्या सड्यावरच्या जीपला आपल्याच जागेचं काही नको का?

पाणंदीतली रेघ

लिफ्ट आणि रुंद टायरांचा प्रश्न मी गॅरेजमध्ये सोडवलाच नाही. टेप घेतली आणि पुतण्याला बागेत घेऊन गेलो.

घरापासून बागेपर्यंत जायला पाणंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आजोबांच्याही आधीचे. सगळ्यात अरुंद ठिकाणी आम्ही मोजलं. जुन्या चाकांवर जीप उभी राहिली तर दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा राहते. रुंद टायर लावून ते बाहेर काढले की ती वीत चार बोटांवर येते. मोजताना पुतण्याचा हात गडग्याला लागला आणि तो थांबला. गुडघ्याच्या थोडं खाली, जांभ्यावर एक आडवी घासलेली रेघ होती, दहा-बारा फूट लांब, बोट बसेल एवढी खोल. शेवाळ दोन्ही बाजूंना धरलेलं, रेघेत मात्र कमी. पन्नास वर्षं त्याच जीपच्या चाकाच्या हबने तो दगड झिजवला होता. तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून होता.

मी बाकीचंही सांगितलं. या जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंचांचा. इतकी आखूड गाडी तीन इंच उचलली की वळणावर कलंडण्याची भीती वाढते, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांवर (क्रॉसवर) तिरका ताण येतो. मोठ्या टायरला थांबवायला तेच जुने ड्रम ब्रेक. मूळचं ६.००-१६ मापाचं टायर दिसायला सायकलसारखं, पण आपल्या चिखलात ते वरचा राड कापत खालच्या कातळावर जाऊन टेकतं आणि पकड घेतं. रुंद टायर चिखलावर तरंगतं. वाळवंटात तरंगणं कामाचं असतं, पाणंदीत नाही.

एलईडीच्या पट्टीमागचं कारण वेगळं होतं. घराच्या दोन खोल्यांत तो पर्यटक ठेवतो आणि त्यांना रात्री किनाऱ्यावर फिरवायचा त्याचा बेत होता. मी स्पष्ट नाही म्हणालो. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. रात्री समुद्र उजळ दिसतो म्हणून ती पाण्याकडे जातात, आणि मागे एलईडी असला तर गाडीकडे येतील. मिठाच्या पाण्यात बेअरिंग आणि ब्रेकची वाट लागते ती वेगळीच. शिवाय खासगी नोंदणीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. कासवांचं ऐकून तो लगेच गप्प झाला. वेळासचं कासवं वाचवण्याचं काम त्याला माहीत होतं, फक्त स्वतःच्या जीपशी त्याने ते जोडलं नव्हतं.

कागद

जानेवारी २०२४ मध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि पाच वर्षांचं नूतनीकरणही त्याच महिन्यात देय होतं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीला त्यासाठी तेव्हा ५,००० रुपये लागत होते, त्याआधी ६००.

पन्नास वर्षं झाली म्हटल्यावर काका ‘व्हिंटेज’ नंबरप्लेटच्या मागे लागले. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ती सोय झाली आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इथे इंजिनच बदललेलं. आणि समजा मिळाली असती, तरी तशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. मी काकांना विचारलं, पेट्या कशातून नेणार? ते हसले नाहीत, पण तो अर्ज परत खिशात गेला.

दुसरीकडे पुतण्याची यादी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे लावायचा जाड लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद करायला सांगितला आहे. धक्का बसतो तेव्हा तो समोरच्या माणसाला जास्त इजा करतो आणि चासीला सरळ हिसका देतो.

मग १९८८ चं डिझेल इंजिन बेकायदा का? आम्हालाही ती धास्ती होती. काकांनी आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. जुन्या आरसी पुस्तकात हिरव्या शाईत इंधन बदलल्याची आणि नव्या इंजिन नंबरची नोंद, आरटीओचा शिक्का. भावाने सगळं रीतसर केलं होतं. दीराने ते पान वहिनींना दाखवलं तेव्हा मी तिथे होतो. काका फक्त एवढंच म्हणाले, “कागद मात्र नीट ठेवलेन् हो त्याने.” इंजिनाचा विषय त्या दिवशी संपला. उलट आता पेट्रोलवर परत जायचं तर तोच नवा फेरफार ठरला असता.

रंग

काका शपथेवर सांगत होते की गाडी मिलिटरी हिरव्या रंगाची होती. तो रंग तसाही देता आला नसता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. पण खरी गंमत पुढे झाली.

डाव्या बाजूच्या पत्र्यावर मी पाण्याचा पेपर घेऊन तळहाताएवढी जागा गोल गोल घासली. घासताना मधे जास्त आणि कडेला कमी दाब दिला की रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडतात. वरचा फिकट हिरवा निघाला, त्याखाली लाल, मग पिवळट पांढरा, मग काकांचा गडद हिरवा. काका वाकून बघत होते. हिरवा दिसला तसे म्हणाले, “बघ!” मी अजून दोन-चार हात मारले. हिरव्याच्या खाली राखाडी छटेचा निळा आला आणि त्याखाली थेट प्रायमर. खात्री करायला ड्रायव्हर सीटखालची टाकी काढली. तिच्या आडच्या उभ्या पत्र्यावर, जिथे नंतर कुणाचा ब्रश किंवा गन पोचली नाही, तिथे तोच निळा, चकचकीत.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आठवून आठवून म्हणाले की हो, त्यांच्या कॉलेजच्या वर्षांत बाबांनी एकदा रंग काढला होता. त्यांना आठवत होती ती रंगवल्यानंतरची जीप. १९७४ ची जीप त्यांनाही आठवत नव्हती.

तो निळा तिघांपैकी कुणाच्याच आठवणीतला नव्हता. पुतण्याला तो बघताक्षणी आवडला. वहिनींना चालणार होता. काका दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, “बाबांनी तो बघून गाडी घेतली असेल, तर तोच होऊ दे.”

बोल्ट आणि वेल्डिंग

बाकीच्या गोष्टी ठरवायला मी एकच कसोटी लावली. जे पान्याने लावता आणि पान्याने काढता येईल, ते पुतण्याच्या हौसेने होऊ दे. ज्याला कटर किंवा वेल्डिंग लागेल, ते काकांना विचारल्याशिवाय नाही. जुन्या गाडीवर मी सगळ्यांना हेच सांगतो. आज वीस-पंचवीस वर्षांच्या पोराला जे आवडतं ते त्याला पस्तिशीत आवडेलच असं नाही. बोल्ट काढता येतो. कापलेलं मडगार्ड परत उगवत नाही, आणि सीजे-३बी चं मूळ मडगार्ड शोधत फिरणं म्हणजे काय, ते मी भोगलेलं आहे.

या कसोटीवर त्याच्या यादीतलं बरंच बसलं. डोक्याला टेकण असलेल्या नव्या सीटा मूळ भोकांवरच बसल्या. सीट बेल्टसाठी जमिनीखाली जाड पट्टी देऊन बोल्ट घेतले; यावर काकांची नापसंती मी चालू दिली नाही. पुढचे दिवे मूळच्या सात इंची गोल घरातच ठेवले, पण वायरिंग नवं करून रिले (बॅटरीची वीज थेट दिव्यांना देणारे स्विच) दिले. जुन्या गाड्यांचा उजेड मंद असतो तो बल्बमुळे कमी आणि बारीक, गंजक्या वायरींमुळे जास्त. रिले लावल्यावर पुतण्याने रात्री सड्यावर चाचणी घेतली आणि एलईडीचं नाव परत काढलं नाही. मोबाइल चार्जिंगचं सॉकेट डॅशबोर्डच्या खाली, न दिसेल असं.

जमिनीवर घालायची अ‍ॅल्युमिनियमची नक्षीदार चेकर्ड प्लेट मात्र नाकारली, आणि ती आवडीवरून नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी गेलं की ती एक छोटी बॅटरी होते. अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं, आणि प्लेटखाली साठलेल्या ओलीत लोखंडी जमीन गंजत राहते, वरून न दिसता. समुद्रापासून दीड किलोमीटरवर अशी जमीन किती टिकणार? त्याऐवजी रबरी मॅट घातली, धुताना उचलता येते.

पत्र्याचं काम सगळ्यात जास्त दिवस चाललं. गंजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा कडेला कड लावून जोडला. गंजावर ठिगळ ठेवायचं नाही. त्या दोन पत्र्यांच्या मधेच पुढचा गंज जन्मतो. पुट्टी शेवटी, आणि तीही आधी इपॉक्सी प्रायमर मारून त्यावर. नुसत्या पत्र्यावर लावलेली पुट्टी पाणी पिते. खालच्या पट्ट्यांना पाणी निघून जायला भोकं पाडली, आतून मेण फवारलं. एकूण बिल दोन लाख ऐंशी हजार झालं, त्यातले निम्मे पत्र्यात गेले. ते कुणाला दिसत नाहीत. पुतण्याने एकदाही कुरकूर केली नाही.

फाळका

फाळक्यावर मी अजून विचार करतो.

विटलेला रंग आहे तसा ठेवून वरून पारदर्शक लॅकर मारायची पद्धत परदेशात आता बरीच रुळली आहे. जुनेपणा जपायचा आणि झीज थांबवायची. कोरड्या हवेत ते जमतं. इथे रंगाला केसाएवढी जरी चीर असली, तरी तिच्या तळाशी मीठ बसलेलं असतं. लॅकर मारलं की मीठ आत कोंडलं जातं. हे मला ठाऊक होतं. मी वहिनींना म्हणालो की फाळका नुसता पुसून, मेण लावून ठेवू, दर पावसाळ्याआधी परत लावत जा. पण लॅकरनंतर ती अक्षरं कशी दिसतील ते बघायला मी खालच्या कोपऱ्यात एक नमुना मारला होता. ओला हात फिरवल्यासारखा लाल रंग एकदम जिवंत झाला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी नाही म्हणालो नाही. तिथे म्हणायला हवं होतं.

कडा घासल्या, गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण लावलं, गोड्या पाण्याने तीनदा धुतलं, दोन दिवस उन्हात वाळवलं, मग लॅकर. मेच्या पहिल्या आठवड्यात जीप घरी गेली. शेवटच्या पेट्या तिनेच नेल्या. सड्यावरच्या चढाला पुतण्याने गिअर बदलला तेव्हा आई खळ्यात उभी होती, हे मला काकांनी फोन करून सांगितलं.

पावसाळा गेल्यावर मी बघायला गेलो. जमीन कोरडी, कोपरे ठीक, निळा रंग शाबूत. फाळक्यावर, शेवटच्या दाटीवाटीच्या अक्षराच्या खाली, लॅकरच्या आत एक तांबडी रेघ. केसासारखी बारीक, वाकडी, अर्ध्या बोटाएवढी. गंज असाच आतून दोऱ्यासारखा सरकत जातो. मी ती तिघांनाही दाखवली आणि ही चूक माझी आहे, हे सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, राहू दे. पुतण्याला लगेच सगळं लॅकर उतरवायचं होतं. काका चष्मा लावून, वाकून बराच वेळ ती रेघ बघत राहिले. शेवटी असं ठरलं की फाळका जानेवारीत, हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा, माझ्याकडे येईल. रेघेपुरतं लॅकर उघडायचं, मीठ धुऊन काढायचं, आणि तेवढा भाग या वेळी मेणाने बंद करायचा. तोवर मागे साधा फळीचा फाळका. तो काकांनी स्वतः, वाड्यातल्या जुन्या आंब्याच्या फळीचा करून आणला. मोजून बसवायला मी गेलो तर बोल्ट बरोबर मूळ भोकांत बसत होते. काका म्हणाले, “अक्षराला पेपर लावायचा नाही हां, मिस्त्री. शेजारून काम कर.”